म्युझियममधलं जुनं कापड : या चुका टाळा (आणि चूक झालीच असेल तर काय करायचं)

आपल्याकडं मराठवाड्यात छोट्या म्युझियममध्ये कापडासाठी वेगळा माणूस नसतोच. नाणी, मूर्ती, तांब्यापितळेची भांडी बघणारा जो कोणी असतो त्याच्याच गळ्यात पैठण्या, हिमरूच्या शाली, घोंगड्या, बंजारा फेटिया (घागरे) सगळं येऊन पडतं. माझंही तसंच झालं. इतिहासात एमए करून नोकरीला लागले, ताणा (उभे धागे) कशाला म्हणतात आणि बाणा (आडवे धागे) कशाला हेसुद्धा नीट सांगता आलं नसतं, आणि पहिल्याच वर्षी एक चूक अशी झाली की ती अजून मनातून जात नाही. नवीन पोरं-पोरी या कामात यायलेत, त्यांच्या हातून तरी तसं होऊ नये म्हणून लिहायलेय.

धुवायची घाई

एका तांड्यावरच्या आजींनी त्यांच्या आईची ओढणी म्युझियमला दिली. जाड लाल कापड, कडेनं कवड्या, आरसे, पांढऱ्या दोऱ्याचं बारीक भरतकाम आणि डोक्यावर येतो त्या भागाला तेलाचा मोठा काळपट डाग. धुळीनं भरली होती, तेलाचा वास येत होता, मला वाटलं आधी स्वच्छ करू मग रजिस्टरला घेऊ. टबात कोमट पाणी, सौम्य साबण, आणि ओढणी आत. दोन मिनिटात पाणी लाल झालं, मी घाबरून बाहेर काढली तोवर पांढरा दोरा गुलाबी झालेला. पुढच्या महिन्यात आजी बघायला आल्या, त्यांनी ओढणी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या याडीचा वास होता गं याला. गेला की." याडी म्हणजे आई.

रंग गेल्याचं दुःख होतंच, पण त्या वाक्यानं मला जे कळलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं. तो डाग म्हणजे घाण नव्हती. ती बाई ओढणी डोक्यावरून कशी घ्यायची, रोज घ्यायची का सणालाच, हे सगळं त्या डागात होतं आणि मी ते नाल्यात सोडून दिलं.

तर, धुवायचं नाही. ड्रायक्लीनला तर अजिबात द्यायचं नाही, इस्त्री नाही, घरचा कुठला उपाय नाही. धूळ काढायची असेल तर मच्छरदाणीची नायलॉन जाळी भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून कापडावर ठेवायची आणि वरून व्हॅक्यूम एकदम कमी जोरावर फिरवायचा, म्हणजे सुटा दोरा किंवा टिकली आत ओढली जात नाही. रंग पक्का आहे का बघायचं असेल तर आतल्या बाजूला, शिवणीजवळ, प्रत्येक रंगावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, वर पांढरा टिपकागद, थोडं दाबून दोन-चार मिनिटं थांबायचं. कागदाला रंग लागला तर विषय संपला. नाही लागला तरी तुम्ही धुवू नका, कापडाच्या कॉन्झर्व्हेशनचं, म्हणजे जतनाचं, शिक्षण घेतलेल्या माणसाला विचारा.

आणि छत गळून कापड भिजलंच तर पिळायचं नाही, उचलताना खाली चादर धरून आडवंच उचलायचं, पांढऱ्या सुती टॉवेलनं टिपायचं आणि सावलीत पंख्याखाली पसरायचं, उन्हात नाही.

कूलर

हा आपल्या भागाचाच प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढं पारा जातो, हवा कोरडी ठणठणीत, स्टाफला बसवत नाही, मग कोणीतरी स्टोअरच्या खिडकीला कूलर लावतं. दिवसभर ओली हवा आत, संध्याकाळी कूलर बंद की परत कोरडं. रेशीम आणि सूत ओलावा घेतं, फुगतं, परत आकसतं, आणि रोज हे झालं की धागा थकतो. जरीच्या कापडात तर आणखीच, कारण धातू आकसत नाही आणि रेशीम आकसतं. एसी फक्त ऑफिसच्या वेळेत चालवणंसुद्धा त्यातलंच. त्यापेक्षा जाड भिंतीची, उत्तरेकडची, खिडकी कमी असलेली खोली स्टोअरला घ्या आणि हवा एकसारखी राहू द्या. साधा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) घेऊन रोज दोनदा आकडा लिहा. पावसाळ्यात ६५ टक्क्याच्या वर आकडा टिकून राहायला लागला की बुरशीची तयारी सुरू झाली असं समजा. बुरशी दिसलीच तर ते कापड आधी बाकीच्यांपासून वेगळं, मास्क लावूनच हात लावायचा, कोरड्या हवेत सुकू द्यायचं आणि पूर्ण सुकल्यावरच ब्रशनं काढायचं. ओल्या बुरशीला हात लावला की ती धाग्यात घुसते.

घडी

कपाटातून काढलेली जुनी पैठणी उलगडताना कधी आवाज ऐकलाय का? वाळलेल्या पानासारखा. एका घरातून आलेली नऊवारी आम्ही टेबलावर उलगडली तर तिसऱ्या घडीला पदरावरचा मोर बरोबर मानेतून दोन झाला, सरळ रेषेत, ब्लेडनं कापल्यासारखा. कोणी काही केलं नव्हतं, चाळीस-पन्नास वर्षं त्याच घडीत ठेवली होती एवढंच.

लांब कापड गुंडाळून ठेवा. त्यासाठी महागडं काही लागत नाही, कापडदुकानात थानाच्या आतले पुठ्ठ्याचे नळकांडे फुकट मिळतात, निदान तीन इंच व्यासाचे घ्या. पुठ्ठ्यात आम्ल असतं म्हणून वरून ॲल्युमिनियम फॉइल लावायचं, त्याच्यावर मांजरपाट. पण मांजरपाट आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढलेलं पाहिजे, नाहीतर त्या खळीवरच कसर येते. जरीची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, रबर बँड लावू नका, सुती पट्टीनं बांधा. जे गुंडाळता येत नाही, म्हणजे चोळी, अंगरखा, फेटिया, त्याच्या घडीत कापडाचे मऊ लोळे भरा म्हणजे घडीवर कापड मोडत नाही. तारेच्या हँगरला तर काही टांगूच नका.

काळी पडलेली जर

लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, सगळं करून बघितलेलं मी बघितलंय. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चापट केलेली चांदीची तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. घासली की काळं जातं पण सोनं पण जातं, आणि ते परत येत नाही. हवेतल्या गंधकामुळं चांदी काळी पडते, म्हणून रबर, लोकरीचे कपडे, धूप-उदबत्ती हे सगळं लांब ठेवा आणि आहे तेवढा काळेपणा राहू द्या. जर खरी का खोटी बघायला धागा ओढून जाळणारे पण भेटतात, त्यांना कपाटाजवळ उभं करू नका.

किड्यांसाठी डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास आपल्यालाही बरा नाही. कडुलिंबाचा पाला टाकायचाच असेल तर पुरचुंडीत, कापडाला थेट लागला तर डाग पडतो. खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक कपाट उघडून बघणं. लोकरीत किडा सापडला तर घोंगडी पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा, उणे २० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये निदान आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर सगळा ओलावा कापडावर बसतो. आरसे-कवड्या लावलेल्या वस्तूंना मात्र हे तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नका.

पाटीवर काय लिहिता

मोर दिसला की पैठणी, असं चालत नाही. कापड उलटं करून बघा. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, कारण रंगाचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागं लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ते वेगळं काम. हिमरूचं उलटं, त्याच्या मागच्या बाजूला धागे सुटे असतातच, सुती ताण्यावर जादा बाण्यानं नक्षी केलेली असते. आणि मशरू म्हणजे वर रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुती.

दुसरं म्हणजे जुनेपणाचा मोह. "पैठणी, दोन हजार वर्षांची परंपरा" ही पाटी फार आवडते लोकांना. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक नोंदीत पैठणचं नाव आहे हे खरं, पण तिथं पैठणहून दगड म्हणजे अकीक जातो असं लिहिलंय, आणि कापड, मलमल जाते ती तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून! हे किती भारी आहे, पण कुठल्याच पाटीवर नसतं. अजिंठ्याच्या चित्रातली पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रं बघून आजची पैठणी तिथं होती म्हणणंही तसंच, त्यातून विणकाम जुनं होतं एवढंच कळतं. हिमरू १३२७ ला तुघलकाबरोबर दौलताबादला आला हेही "असं सांगतात" म्हणून लिहा.

बंजारा कपड्यांवर शिवलेली नाणी मात्र कामाची असतात. निजामाच्या हाली सिक्क्याच्या (हैदराबाद संस्थानच्या चलनाच्या) पावल्या, म्हणजे चार आण्याची नाणी, बऱ्याचदा सापडतात, त्यावर हिजरी सन असतं. हिजरी १३३० म्हणजे १९११-१२. पण म्हणून कपडा १९११ चा होत नाही, तो त्याच्या आधीचा असू शकत नाही एवढंच, आणि नाणं नंतर लावलेलं असेल तर तेही नाही. दोरा बघा, जुन्या शिवणीचा आणि नाण्याचा एकच आहे का. कायद्यानं शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू ठरते, त्यामुळं हा आकडा अंदाजानं टाकायचा नसतो.

उजेड आणि पाहुणे

कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. अंधार वाटतो, लोक तक्रार करतात, पण उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. खिडकीला जाड पडदा, एलईडी, आणि तीन-चार महिन्यांनी वस्तू बदला. दुकानातले साडीचे डमी वापरू नका, त्यांचे खांदे जुन्या चोळीला फाडतात. आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या खांद्यावर "फोटोपुरती" जुनी शाल टाकायची नाही, कोणीही असो. यावरून माझं वरिष्ठांशी भांडण झालेलं आहे आणि परत होईल.

रजिस्टर

नंबर बॉलपेननं कापडावर लिहायचा नाही, पिन नाही, स्टेपलर नाही (गंजाचा डाग निघत नाही). धुतलेल्या सुती फितीवर न उतरणाऱ्या शाईनं लिहून दोन टाके घालायचे. दानपत्रावर सही त्याच दिवशी, आणि वस्तू देणाऱ्या माणसाला बसवून चहा देऊन विचारायचं, कोणी नेसली, कधी, कुठून आणली, हा डाग कशाचा, ठिगळ कोणी लावलं. त्यांच्या शब्दात लिहायचं. "वाकळ" म्हणाले तर वाकळ लिहा, गोधडी करू नका.

त्या ओढणीचं पान मी नंतर परत लिहिलं. आजींकडून विचारून त्यांच्या आईचं नाव, तांडा, ती ओढणी लग्नात आली होती हे सगळं. आणि खाली, तारीख घालून, "साबणाच्या पाण्यात धुतली. लाल रंग उतरला, भरतकाम गुलाबी झालं, डोक्यावरचा तेलाचा डाग गेला." त्याच्याखाली माझी सही आहे.