परदेशी पाहुण्याला नागपूर दाखवायचंय? आधी स्वतः बघून या

मागच्या थंडीत भाऊजींच्या ऑफिसचा एक जर्मन पाहुणा दोन दिवस माझ्या गळ्यात पडला. मी जन्माचा नागपूरकर, मला काय टेन्शन, म्हणून थेट झिरो माईलला नेलं आणि म्हटलं हा बघ भारताचा मध्यबिंदू. तो म्हणाला, हा इंग्रजांच्या सर्व्हेचा बेंचमार्क आहे नं, १९०७ चा? आणि वाकून दगडावरची गावं अन् अंतरं वाचत बसला. चाळीस वर्षं त्या दगडासमोरून गाडी नेऊन राहिलो मी, उतरलो एकदाही नाही बे.

तुमचं असं होऊ नये म्हणून सांगतो. जिथे न्यायचंय तिथे आदल्या दिवशी एकट्याने जाऊन या, फोनवर वाचून भागत नाही, कारण ते त्यानेही वाचलेलं असते, तुमच्यापेक्षा नीट.

दुसरं म्हणजे ठोकून देऊ नका. दीक्षाभूमीला १४ ऑक्टोबर १९५६ वगैरे मी जोरात सांगितलं, ते कोणालाही येते, मग त्याने विचारलं हा स्तूप सांचीसारखा भरीव आहे का, मी म्हटलं हो हो एकदम भरीव. आणि पाच मिनिटांनी आम्ही त्याच स्तूपाच्या आत उभे, वर अख्खा घुमट पोकळ! शाळेच्या सहलीनंतर मी आत गेलोच नव्हतो. तो काही बोलला नाही, नुसता वर बघत राहिला, ते जास्त लागलं. "माहीत नाही, चल बघू" एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं.

सीताबर्डीच्या किल्ल्याला उगाच नेऊ नका, तो मिलिटरीकडे आहे, पब्लिकला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशीच सोडतात. आम्ही गेटवरून परत. येताना ऑटोत त्यानेच मला अप्पासाहेब भोसल्यांची १८१७ ची इंग्रजांशी लढाई सांगितली, ऑटोवालाही आरशातून ऐकून राहिला होता.

पण सगळं त्याच्याकडेच नसते. झिरो माईलच्या दगडावर हैदराबाद, जबलपूरसोबत 'चांदा' लिहिलंय, ते त्याला मॅपवर काही सापडेना. म्हटलं अरे चंद्रपूर, माझी आत्या अजूनही चांदाच म्हणते. लगेच डायरी काढून लिहून घेतलं त्याने, आत्यासकट. तर पाहुणा यायच्या आधी घरच्या म्हाताऱ्यांना एक फोन करा, असा माल तिथेच मिळते. पोळ्याच्या सुमारास येणार असेल तर दुसऱ्या दिवशी मारबतीला, म्हणजे रोगराई-इडापिडा घालवायला काढतात त्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला न्या. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते हे तो तुम्हाला सांगेल, पण गर्दीत "घेऊन जा गे मारबत" कसं बोंबलायचं ते तुम्हीच शिकवायचं, आणि त्याला हाताला धरून ठेवायचं.

शेवटी तर्री पोहे, म्हणजे पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा. तर्री वेगळी मागा, बिचाऱ्याला झेपणार नाही म्हणून मी पण तेच केलं. त्याने दोन घास खाल्ले, टपरीवाल्याकडे बघून "भाऊ, तर्री अजून" म्हणाला आणि माझी न संपलेली वाटी पण ओढून घेतली.