लिनक्सचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकलंय ते बघा, मग हात लावा (या चुका टाळा)

घड्याळ चुकलं की लोक पहिलं काय करतात, तर टर्मिनल उघडून सुडो डेट ही कमांड मारून वेळ हाताने टाकतात, आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. हीच सगळ्यात मोठी चूक, कारण वेळ किती आणि कुठल्या बाजूला चुकलीय हा एकमेव पुरावा तुम्ही पुसून टाकता.

आपल्याकडे फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर मशीन बिघडलेलं नाही. घड्याळ साडेपाच तास मागे असेल तर टाइमझोन यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिलाय, टाइमडेटसीटीएल या वेळेच्या कमांडचं सेट-टाइमझोन वापरून एशिया/कोलकाता करा, झालं. पण साडेपाच तास पुढे असेल आणि सोबत विंडोज असेल तर भानगड ड्युअल बूटची, म्हणजे एकाच पीसीवर दोन सिस्टम असण्याची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारताची वेळ लिहून ठेवतं, लिनक्स तीच यूटीसी समजून त्यात अजून साडेपाच तास घालतं. नेट मिळालं की लिनक्स वेळ सुधारून मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितं, मग विंडोजमध्ये गेलात की तिकडचं घड्याळ मागे! लोक दोन्हीकडे आलटून पालटून वेळ लावत बसतात राव. विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल (RealTimeIsUniversal) ही व्हॅल्यू 1 करा, दोघं एकच भाषा बोलतील. लिनक्सलाच लोकल टाइम पाळायला लावता येतं, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच त्याबद्दल वॉर्निंग देतं, आणि अमेरिका-युरोपात राहत असाल तर डेलाइट सेव्हिंगला घोळ होणारच, म्हणून मी तरी तो मार्ग सुचवणार नाही.

दर वेळी पीसी चालू केला की वेळ मागे पडलेली असते? मदरबोर्डवरच्या घड्याळाचा सेल बघा. इथे एक फसवणारी गोष्ट आहे, लिनक्समधला नेटवरून वेळ जुळवणारा टाइमसिंकडी हा प्रोग्राम शेवटची वेळ डिस्कवर जपून ठेवतो, त्यामुळे सेल मेला तरी घड्याळ 1970 दाखवेलच असं नाही, ते पीसी बंद केला त्याच्या आसपासच्या वेळेवरून पुढे चालू होतं आणि सेलवर संशयच जात नाही. डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर2032 असतो, 3 व्होल्टचा, बटणासारखा. प्लग काढून बदला.

थोडी मिनिटं चुकत असतील तर नुसतं टाइमडेटसीटीएल टाइप करा, सिंक्रोनाइज्डपुढे नो दिसलं तर टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू द्या, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणं सुरू होईल. तरी नो? ऑफिस किंवा हॉस्टेलच्या नेटवर ही वेळ ज्यातून येते तो यूडीपी पोर्ट 123 बंद असू शकतो, ॲडमिनला विचारा. क्रोनी (वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्राम) आणि टाइमसिंकडी दोन्ही एकदम चालवू नका, एकच ठेवा.

आणि कृपा करून ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटचा एरर आला म्हणून "तरीही पुढे जा" दाबू नका, किंवा एपीटी अपडेट (सॉफ्टवेअर अपडेटची कमांड) "रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही" म्हणतंय म्हणून सोर्सेस लिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून आणायचं ती यादी, उपसू नका, आधी तारीख बघा. ओटीपी ॲपचे कोडसुद्धा साधारण 30 सेकंदांचेच असतात, घड्याळ दोन-तीन मिनिटं हललं तरी लॉगिन अडतं.