कुत्र्याला घेऊन गणपतीला गावी जाताय? क्रेट मागवायच्या आधी टेप काढा

गणपतीला कुत्र्याला गावी न्यायचं ठरलं की घरात क्रेटचा, म्हणजे कुत्र्याला ठेवायच्या पिंजऱ्याचा, विषय निघतोच, आणि बरेच जण आधी मोबाईलवर ऑर्डर टाकतात, मापं नंतर घेतात. प्लीज उलटं करा. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, गाव चिपळूणच्या पुढे, आणि आमचा गोट्या देशी आहे, चार वर्षांचा, १८ किलोचा. दोन वर्षं त्याला घेऊन जातोय, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितेय, म्हणजे तुमची तरी धावपळ वाचेल.

पहिलं काम कुत्र्याचं माप. भिंतीला टेकवून सरळ उभं करायचं, एकाने तोंडासमोर बिस्किट धरायचं म्हणजे मान वर राहते, दुसऱ्याने डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलने खूण करायची, कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. मग नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, शेपटीच्या टोकापर्यंत नाही हां, तिथेच बरेच लोक चुकतात. लांबीत चारेक इंच मिळवा, उंचीत दोन-तीन. आता आमचं काय झालं, ऑनलाईन चार्टवर १८ किलोला ३६ इंची, म्हणजे ३६ इंच लांबीचा, क्रेट लिहिलेला, गोट्याची लांबी ३१ म्हणजे ३५ झाले, बसतोय की, म्हणून मागवला. पण ३६ इंची क्रेटची उंची साधारण २५ असते आणि हा कानापर्यंत २७. आत गेला आणि मान खाली घालून उभा राहिला, कान वरच्या तारांना लागत होते, मला ते बघवेना. आम्ही त्याचा खालचा ट्रे वापरलाय म्हणून विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, शेवटी सोसायटीतल्या एका बीगलवाल्यांना दिला. आपली देशी कुत्री उंच पायाची असतात, वजनाच्या चार्टवर त्यांचं माप काढू नका, उंचीवर काढा. ४२ इंची साधारण २८ रुंद आणि ३० उंच येतो, गोट्याला तोच लागला, लॅब असेल तरी बहुतेक तोच लागेल. आत उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरून बसता आलं पाहिजे, पाय पसरून आडवं झोपता आलं पाहिजे, एवढं तर हवंच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातसुद्धा प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

पिल्लू असेल तर मोठेपणीच्या मापाचा घ्या पण मधे पार्टिशनची जाळी मिळणारा, कारण पिल्लाला जास्त जागा दिली की ते एका कोपऱ्यात शू करतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात मस्त झोपतं, मग बाहेर शू करायची सवय लागतच नाही.

दुसरं माप घराचं, आणि तिसरं गाडीचं, हे तिसरं कोणीच घेत नाही. ४२ इंची क्रेट उघडा केला की हॉलमध्ये टीपॉयपेक्षा मोठा दिसतो, वन बीएचकेत तो कुठे राहणार हे आधी ठरवा, बाल्कनीत ठेवणार असाल तर नको, दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिथेच येतात. गाडीत मागच्या सीटची रुंदी मोजा, सीट ते छप्पर मोजा, आणि मुख्य म्हणजे दाराची उघडीप मोजा. २८ इंच रुंद क्रेट सीटवर ठेवला तर पुढच्या बाजूने बाहेर येतो आणि अधांतरी राहतो, ब्रेक मारला की तिरका होतो. मोठी एसयूव्ही असेल, मागची सीट पाडून सपाट जागा होत असेल तर ठेवा, पण पट्ट्याने दोन बाजूंनी बांधून, सुटा क्रेट म्हणजे ब्रेकला पुढे आपटणार. आमच्या हॅचबॅकमध्ये ते जमत नाही हे मी मान्य केलं. म्हणून गोट्या प्रवासात मागच्या सीटवर हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) घालून सीटबेल्टला अडकवलेला असतो (गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, हार्नेसलाच), आणि क्रेट फोल्ड करून पुढच्या सीटच्या मागे उभा. फोल्ड झाल्यावरही तो ४२ बाय २८ चा पत्राच असतो, म्हणून डिकीत बसेल असं गृहीत धरू नका, मोजा. आणि उचलून बघा, तारेचा मोठा क्रेट चांगलाच जड असतो, लिफ्ट बंद असेल तर तुम्हालाच उतरवायचाय.

आता प्रकार. कापडी सॉफ्ट क्रेट हलका, गाडीत मस्त बसतो, पण कुत्रा शांत आणि सवयीचा असेल तरच, नखं मारणाऱ्याला चेन फाडायला वेळ लागत नाही. शिवाय आपल्याकडच्या पावसात कापड एकदा भिजलं की चार दिवस वाळत नाही, कुबट वास बसतो. कडक प्लास्टिकचा भक्कम आणि धुवायला सोपा, पण फोल्ड होत नाही, आणि दमट हवेत त्यात वारा कमी लागतो. तारेचा फोल्डिंगचा मला कोकणासाठी बरा वाटतो, चारी बाजूंनी हवा लागते, वरून चादर टाकली की अंधारही होतो. दुकानात जाऊन बघणार असाल तर हात फिरवून बघा, खरंच. तारांची टोकं जिथे वेल्ड केलेली असतात तिथे बोट फिरवा, टोचलं तर पंजालाही टोचणार. कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत का बघा, खाडीजवळच्या हवेत तिथूनच गंज धरतो. दाराला कड्या दोन हव्यात, वर आणि खाली, एकच मधे असेल तर कुत्रा खालचा कोपरा नाकाने ढकलून तोंड बाहेर काढतो आणि अडकतो. खालचा ट्रे ओढून बघा, ट्रे आणि तारेच्या मधे फट असेल तर नख अडकतं, गोट्याचं वरचं अंगठ्याचं नख त्यातच फाटलेलं, रक्त थांबायला अर्धा तास लागला. तेव्हापासून ट्रेच्या कडेला जुनी बेडशीट घडी करून खोचते.

विमानाने नेणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवा, कार्गोत तारेचा किंवा कापडी चालत नाही, कडक क्रेटच लागतो आणि आयाटाचं (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) माप वेगळं असतं: नाक ते शेपटीचं मूळ अधिक जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग ही लांबी, खांद्याच्या रुंदीच्या दुप्पट ही रुंदी, आणि डोक्यापर्यंतची (कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंतची) उंची अधिक खालचं अंथरूण ही उंची. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना बऱ्याच एअरलाईन घेतच नाहीत, आधी फोन करा. ट्रेनमध्ये सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली डॉग बॉक्स, आणि त्या बंद पेटीत मी तरी माझ्या कुत्र्याला ठेवणार नाही.

क्रेट आला की लगेच कोंडू नका. निदान तीन आठवडे हाताशी ठेवा. पहिला आठवडा दार उघडंच, रोजचं जेवण आत, त्याची वापरलेली चादर आत, धुतलेली नको, वास राहू दे. मग जेवताना दार लावायचं आणि संपलं की उघडायचं. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं, तुम्ही समोर. रागावून कधी आत टाकायचं नाही. आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचा, तारेत अडकला तर फास बसतो. आमच्या आई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कशाला गं त्या मुक्या जिवाला पिंजऱ्यात घालतेस?" आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. दहाव्या दिवशी दुपारी घरात ड्रिलिंगचं काम चालू होतं, गोट्या आपणहून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. आईंनीच उठून क्रेटवर ओढणी टाकली, म्हणाल्या, आवाज कमी येईल त्याला. मात्र एखादं कुत्रं दार लावल्यावर लाळ गाळत तारा चावत असेल तर थांबा, दात तुटतात, तिथे डॉक्टरांशी बोलून मगच पुढे जा.

गावी क्रेट कुठे ठेवणार हेही इथूनच फोन करून ठरवा. अंगणात किंवा उघड्या पडवीत रात्री नको, आमच्या भागात बिबट्या वाडीपर्यंत येतो आणि कुत्रीच नेतो, पावसाळ्यात साप-विंचू वेगळेच. माजघरात, भिंतीला लागून, गणपतीच्या खोलीपासून लांब, कारण आरतीच्या झांजा आणि फटाके. लाईट जाते म्हणून चार्जिंगचा छोटा पंखा घ्या, क्रेटच्या बाहेरून लावायचा, वायर आत जाऊ द्यायची नाही.

पिशवीत काय, ते पटकन: तारेला अडकवायची स्टीलची वाटी, घरचं पाणी पाच लिटर, दोन जादा चादरी, जुने पेपर, गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच लावलेलं, लसीकरणाचं पुस्तक आणि डॉक्टरांचं हेल्थ सर्टिफिकेट, क्रेटला आणि पट्ट्याला तुमचा मोबाईल नंबर. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

निघायच्या आधी तीन-चार तास जेवण थोडंच, नाहीतर पेणपर्यंत उलटी ठरलेली. माणगावला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर एसी बंद करून गाडीत एकट्याला सोडू नका, पाच मिनिटंही नाही. आणि सामान भरताना क्रेट शेवटी भरा, पोचल्यावर पाहुणे, सामान, गणपतीची गडबड यात सगळ्यात आधी तोच लागतो.