लग्नाचा फोटोग्राफर ठरवताय? आधी एका लग्नाचे सगळे फोटो मागा

नाशिकमधे लग्न ठरलं की आधी लॉन्स बुक होतं, मग केटरर, मग कधीतरी कोणाला तरी आठवतं की अरे फोटोवाला राहिला, आणि तोवर त्या तारखेचे चांगले लोक गेलेले असतात, कारण दाट तिथीला औरंगाबाद रोडवर (नाव बदललंय पण तोंडात तेच बसलंय) एका लॉन्सचा बँड दुसऱ्या लॉन्सला ऐकू येतो. म्हणून तारीख पक्की झाली की हॉलसोबतच फोटोवाल्यालाही फोन लावा.

आता बघायचं काय, तर इन्स्टावरच्या फोटोंना भुलू नका, ते पन्नास लग्नांतले पन्नास असू शकतात. सरळ म्हणा की दादा, एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो दाखवा, तेही आपल्यासारख्याच लग्नाचे, म्हणजे दुपारचा मुहूर्त आणि वर रंगीत कापडाचा मांडव. गुलाबी कापडातून ऊन खाली आलं की सासूपासून गुरुजींपर्यंत सगळे गुलाबी दिसतात, हळदीचा पिवळा पडदा असेल तर विचारूच नका, आणि हे ज्याला सावरता येतं त्याला काम येतं असं समजा. पंगतीचे आणि आहेराच्या रांगेतले फोटो पण बघा, चार तास उभं राहिल्यावर माणूस कंटाळलाय का ते तिथेच कळतं.

मग विचारा की तुम्ही स्वतः येणार का. एका तिथीला तीन-तीन ऑर्डरी घेतात, स्टुडिओत गोड बोलणारा वेगळा आणि मांडवात येणारा पोरगा वेगळा, ज्याला आपण कधी पाहिलेलंच नाही. कोण येणार त्याचं नाव ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या आणि त्याचेच फोटो बघा.

आमच्या लग्नाचं सांगते. अंतरपाट खाली आला तो क्षण आमच्याकडे आहे, आठ-दहा फोटो आहेत, आणि प्रत्येकात मधोमध व्हिडिओवाल्याची पाठ आहे, निळा चेक्सचा शर्ट, तो शर्ट मला आता नवऱ्याच्या शेरवानीपेक्षा जास्त पाठ आहे. फोटोवाला एकीकडचा, व्हिडिओवाला दुसरीकडचा, आणि दोघांची भेट थेट स्टेजवर. शक्यतो दोन्ही कामं एकाच टीमला द्या, नाहीतर आदल्या दिवशी दोघांना फोनवर जोडून द्या आणि ठरवून घ्या की "शुभमंगल सावधान" संपताना एकजण नवरीच्या बाजूला, एकजण नवऱ्याच्या बाजूला, आणि समोर कोणीच नाही. गुरुजींच्या पण कानावर घाला, बरेचसे गुरुजी अंतरपाट काढताना एक नजर टाकतात आणि मगच काढतात.

अजून एक, फोटोवाल्याला आपली माणसं ओळखू येत नाहीत. त्याच्या लेखी मामा आणि मंडपवाला सारखेच. म्हणून घरातलं एक बडबडं पोरगं त्याच्यासोबत सोडा, करवली नको, तिला तिचीच कामं असतात, मावसभाऊ बरा. ही आत्या, हे मोठे काका, हे आजोबा स्टेजवर चढू शकत नाहीत तर त्यांच्या खुर्चीपाशी नवरा-नवरीला घेऊन जा, हे त्याने सांगायचं. कानपिळी दोन मिनिटांत उरकते, तिची आठवण पण त्यानेच करायची. आणि टीमच्या जेवणाचं ताट आधीच ठरवा, सकाळी सातपासून उपाशी माणूस पाठवणीला काय फोकस करणार.

प्री-वेडिंग करायचं असेल तर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सकाळी जा, पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत त्यामुळे तिथे ट्रायपॉड नाहीतर व्हिडिओ म्हटलं की परवानगीचं आधी बघा. संध्याकाळचं ठरवलंत तर डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तुम्ही पार्लरमधून साडेपाचला निघालात तर संपलंच. ड्रोन हवाच असेल तर देवळालीला लष्कर आणि ओझरला विमानतळ आहे हे लक्षात ठेवा, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटच्या नकाशावर तुमचं लॉन्स हिरव्या झोनमधे, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, येतं का ते फोटोवाल्यालाच काढून दाखवायला सांगा.

पैशाचं बोलताना लाजू नका. किती माणसं, किती तास, अल्बमची पानं किती, न निवडलेले फोटो मिळणार का, 18 टक्के जीएसटी धरून सांगताय की वरून, सगळं व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या. इसार द्या पण सगळे पैसे आधी देऊ नका, थोडे अल्बम हातात येईपर्यंत ठेवाच. आणि हे फार जणांना माहीत नसतं, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, म्हणून पावतीमागे बारीक अक्षरात "हक्क स्टुडिओचा" असं काही आहे का ते वाचा, हळदीत माखलेला तुमचा फोटो त्यांच्या होर्डिंगवर नको असेल तर आधीच बोला.

कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर सेव्ह होतं का हे पण विचारा, एक कार्ड मेलं तरी लग्न परत लावायला लागत नाही. अल्बमचे फोटो निवडायला मात्र आपणच उशीर करतो, सहा महिने लोळत पडतात आणि शिव्या फोटोवाल्याला, तर पंधरा दिवसांत दोघांनी बसून निवडून टाका, सासू आणि आई एकत्र बसवल्या तर महिना धरा. लिंक आली की त्याच आठवड्यात सगळं उतरवून घ्या, त्या लिंका कायम चालू राहत नाहीत, आणि दोन हार्ड डिस्क करा, एक सासरी, एक माहेरी.