जुनी पिकअप घेताय? मीटर नंतर, आधी पाटे बघा

आमच्या जुन्नर भागात टोमॅटोच्या सीझनला पिकअपशिवाय पान हलत नाही आणि बरेच जण सेकंडहँडच घेतात. मीपण घेतली, मीटर कमी, कलर चकाचक, बघून भुललो, आणि भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडलं. कशीबशी कडेला लावली, पण त्या दिवशी हातपाय कापत होते खरं सांगतो. म्हणून हे लिहितोय.

पिकअप किती चालली यापेक्षा तिच्यावर किती माल लादला ते महत्त्वाचं. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की किती भरायला परवानगी आहे ते कळतं, त्यात ड्रायव्हरपण आला. समजा १७०० किलो आलं, तर एका कॅरेटमध्ये (प्लास्टिकच्या क्रेटमध्ये) २० किलो टोमॅटो आणि कॅरेटचं स्वतःचं दीड-दोन किलो धरून ७५ च्या आसपास कॅरेट बसतात. मालकाला सहज विचारा, किती कॅरेट भरायचा? शंभरच्या वर म्हणाला की समजून जा.

मग गाडीखाली घुसा, कपडे मळू देत. मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सरळ झालेत का, जादाचे पाटे घातलेत का बघा. जादा पाट्याने गाडी बसत नाही पण दणका सगळा चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) जातो, म्हणून पाटे जिथे अडकवलेत त्या हँगरजवळ चासीवर वेल्डिंग किंवा तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त मिळू दे.

इंजिन बघायला सकाळी जा आणि बोनेटला हात लावा, गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीये, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडी स्टार्ट करून धूर बघा, निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा, तिथून भकाभका धूर आला तर इंजिनचं मोठं काम निघालंय. क्लचसाठी सपाट जागेवर हँडब्रेक लावून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा, गाडी बंद पडली तर क्लच चांगला, इंजिन फिरतच राहिलं तर प्लेट गेली.

शक्य असेल तर माल भरून चालवून बघा, रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते.

घेतल्यावर पहिलं काम, ब्रेक ऑइल बदला आणि चारही चाकांचे ब्रेक खोलून लायनर-पॅड बघा. माझ्या गाडीत ऑइल कित्येक वर्षं बदललंच नव्हतं, जुन्या ऑइलमध्ये पाणी धरतं आणि घाटात तापलं की त्याची वाफ होते, मग पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवा, न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचवायच्या नादात जीव जाईल. टर्बो असेल तर लांबून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू राहू द्या. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत जा, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, कूलंटच टाका.

कागदात फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट) बघा, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.