जुनी शिलाई मशीन घ्यायची, चालू करायची आणि विकायची कशी (बेळगाव भागातल्यांसाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, माळ्यावर नाहीतर परड्यात एखादी जुनी मशीन धूळ खात पडलेली दिसतेच. चाक फिरत नाही म्हणजे मशीन गेली असं समजून लोक ती मोडीत घालतात, मग डोकं, म्हणजे वरची मशीन, लोखंडाच्या भावात जातं आणि बिडाचा स्टँड कुठल्यातरी हॉटेलात टेबलाखाली जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जाम झालेल्या मशीनी बहुतेक वेळा मोडलेल्या नसतातच, आतलं तेल वाळलेलं असतं एवढंच.

घ्यायला कुठं जायचं? गुजरी आणि मोडीची दुकानं आहेतच, पण मोटरची मशीन घेतलेले टेलर, घर बदलणारी माणसं आणि शहापूर-वडगावकडच्या जुन्या गल्ल्या इथं जास्त चांगला माल मिळतो, कारण तिथं मशीन पूर्ण असते. गोकाक-बैलहोंगलकडं गेलात तर सौदा कन्नडमधनंच होणार, "स्वल्प कम्मी माडरी" (थोडं कमी करा) एवढं हसत म्हणता आलं तरी काम भागतं.

बघताना आधी नाव बघू नका, आधी काय काय गायब आहे ते बघा. सुईखालची सरकपट्टी उघडून आत शटल (खालच्या दोऱ्याभोवती वरचा दोरा फिरवणारा भाग) आहे का, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं ती डबी) आहे का, ते हात घालून बघायचं. सिंगरच्या 15 नंबरच्या घाटाची मशीन असेल तर सुटे पार्ट लुधियानाहून येतात आणि इथल्या मशीनच्या दुकानात सहज मिळतात, आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या मशीनी याच घाटाच्या. पण सिंगरच्याच 28के सारख्या मशीनीत होडीच्या आकाराचं शटल आणि लांबट बॉबिन असते, ती नसेल तर मशीन कितीही देखणी असली तरी मी घेत नाही. मॉडेलमधला के म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट बुडावर, नंबर कोरलेला असतो, सिंगरच्या नंबराच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर असेल तर ती 1900 किंवा त्यानंतरची, नुसताच आकडा असेल तर त्याआधीची. उषा असेल तर ती आपलीच, कोलकात्यात 1930 च्या दशकात सुरू झालेली. या मशीनी पण दणकट, फक्त जुन्या वस्तू जमवणारे सिंगर सिंगर करतात म्हणून उषा स्वस्तात मिळते, आणि नवीन माणसानं पहिली मशीन उषाच घ्यावी असं माझं मत आहे.

बीड कुठं तडकलंय का ते उजेडात नीट बघा. तडकलेलं डोकं फक्त पार्टसाठी घ्यायचं. खानापूरकडची मशीन असेल तर लाकूड उलटं करून वाळवी बघायची, तिथल्या पावसात लाकूड आधी जातं.

आता जाम सोडवणं, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात मशीनचं तेल नसलं की खोबरेल घालायचं ही आपल्याकडची जुनी सवय, आणि बेळगावच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं तसंच ते मशीनमधे पण गोठतं, शिवाय वर्षानुवर्षं हवा लागून त्याचा पिवळा चिकट थर बसतो आणि तो सगळे सांधे धरून ठेवतो. त्यामुळं चाकाला जोर लावायचा नाही, पकडीनं तर अजिबात नाही. आधी ब्रशनं कापूस-धूळ काढा, मग जिथं जिथं लोखंड लोखंडावर घासतं तिथं थेंब थेंब रॉकेल सोडा, रॉकेल मिळत नसेल तर डब्ल्यूडी-40 चालतं, पण जवळ दिवा-शेगडी काही नको आणि खिडकी उघडी पाहिजे. रात्रभर राहू दे, सकाळी चाक थोडं मागंपुढं हलवून बघा, परत सोडा. रॉकेल पूर्ण पुसून वाळलं की हेअर ड्रायरनं तो भाग कोमट केला तर वाळलेलं तेल आणखी ढिलं होतं. चाक सुटलं की घाण पुसून काढायची आणि मग खरं मशीनचं तेल घालायचं, कारण रॉकेल आणि डब्ल्यूडी-40 सोडवायला चांगले, मशीनला टिकेल असं वंगण ते देत नाहीत.

सोनेरी नक्षीला मात्र यातलं काही लागू देऊ नका. जुन्या मशीनींवर लाखेचं पॉलिश असतं, स्पिरिट किंवा थिनर लागला की ते विरघळतं आणि नक्षी कायमची जाते, घासायच्या पावडरनं पण तेच होतं. मशीनच्या तेलाचा बोळा घेऊन हलक्या हातानं पुसायचं, बास.

कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली बघायला विसरू नका, तिथं कापूस आणि तेल दाबून दाबून नमदा झालेला असतो, तो सुईनं उकरून काढला की कापड न सरकणारी मशीन पण चालायला लागते. टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमधून मऊ कापडाची पट्टी फिरवा. आणि चाकाच्या मधला मोठा स्क्रू खोललात तर आतला वॉशर कसा बसलाय त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. त्याला आतल्या बाजूला वाकवलेल्या दोन जिभा असतात, त्यांची टोकं बाहेर, म्हणजे तुमच्याकडं तोंड करून पाहिजेत. बॉबिन भरताना स्क्रू ढिला केल्यावर पण सुई वरखाली होत असेल नाहीतर घट्ट करून पण चाक नुसतंच फिरत असेल तर वॉशर काढून अर्धा फिरवून परत बसवा.

स्क्रू हरवला तर हार्डवेअरचा आणून पिळू नका. सिंगरचे आटे वेगळे असतात, भोकाचे आटे गेले की दुप्पट काम. जुन्या मोडक्या डोक्यातला काढून घ्या, नाहीतर नमुना घेऊन उद्यमबागेत लेथवाल्याकडं जावा.

सुई नवीन घाला. सपाट बाजू शटलच्या टोकाकडं, लांब खाच असलेल्या बाजूनं दोरा. दोरा ओवताना प्रेशर फूट वर पाहिजे, तेव्हाच चकत्या उघड्या असतात आणि दोरा आत बसतो. मग मांजरपाटाचे दोन थर घ्या, वर लाल दोरा, बॉबिनमधे पांढरा, चाक आपल्याकडं फिरवत शिवा. खालच्या बाजूला लाल फास दिसले तर वरचं टेन्शन ढिलं, वर पांढरा टिपका दिसला तर जास्त घट्ट. दोन्ही दोरे कापडाच्या आत भेटले की टाका बसला.

विकताना मी आधी शिवणाऱ्यांनाच विचारतो, म्हणजे शिवणक्लासच्या मुली, पिशव्या-गोधड्या शिवणाऱ्या बायका, करंट सारखा जातो अशा गावातली माणसं. गोव्याकडचे शोसाठी जास्त पैसे देतात हे खरंय, पण चालणारी मशीन शोसाठी द्यायला माझा हात धजत नाही, ज्या मशीनीचं काही होण्यासारखं नाही ती त्यांना द्यावी. गांधीजींनी 1924 साली यंत्रांविषयी बोलताना सिंगर मशीन हा अपवाद मानला होता, माणसाचं कष्टाचं काम हलकं करणारी म्हणून, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते इथं आपल्या बेळगावात काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. हे सांगितलं की वयस्क गिऱ्हाइकं एकदम खुलतात.

किंमत सांगताना नवीन पट्टा, सुई, तेल, गाडीभाडं धरा आणि जे दुरुस्त झालं नाही ते तोंडावर सांगा. पाठवताना डोकं स्टँडवरनं काढून वेगळं गुंडाळा, दहा किलोच्या पुढं वजन असतं, चाकावर आडवं कधीच ठेवू नका. देताना गिऱ्हाइकाला तेलाची भोकं बोटानं दाखवा, जादा सुया द्या, आणि चामड्याचा नवीन पट्टा काही दिवसात सैल पडतो तेव्हा तो थोडा कापून क्लिप परत कशी घालायची ते त्यांच्याच हातानं एकदा करून घ्या.