वाळक्या पानांचा ढीग कुजत नसेल, तर लघवी वापरून पाहा

नुसती वाळकी पानं, भुसा किंवा पुठ्ठा भरलेला खताचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. त्यात कार्बन भरपूर असतो, पण पानं कुजवणाऱ्या जिवाणूंना लागणारा नत्र (नायट्रोजन) पुरेसा नसतो. कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावं लागतं. लाकडाच्या भुशात ते कित्येक शेकड्यांत जातं. माणसाच्या लघवीत मात्र युरियाच्या रूपात नत्र असतो, तोही फुकट आणि रोजचा! किळस वाटत असेल तर समजू शकतो, पण ढिगात मुरल्यावर काहीच जाणवत नाही.

ताजी लघवीच घ्या. उघडी साठवली की युरियाचा अमोनिया होतो आणि नत्र हवेत उडून जातो. दुप्पट-तिप्पट पाण्यात मिसळून ती वाळक्या थरांवर सगळीकडे शिंपडा, एकाच जागी ओतू नका. वर पुन्हा कोरडी पानं पसरा. उग्र वास आला तर लघवी जास्त झाली असं समजा आणि आणखी पानं घालून ढीग खाली-वर करा. ढीग आधीच ओलागच्च असेल किंवा त्यात ओला स्वयंपाकघरातला कचरा भरपूर असेल, तर याची गरजच नाही.

गांडूळ खताच्या डब्यात हे करू नका. अमोनिया आणि क्षार गांडुळांना सोसत नाहीत. घरात कुणाला मूत्रमार्गाचा संसर्ग असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल, तर त्यांची लघवी वापरू नका.